आमच्या गावची आशा कोण? पोडावरची आठवी पास की गावातली बी.ए.?

पैनगंगा_काठ
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. सोळा-सतराशे वस्ती, त्यात मूळ गाव, एक तांडा आणि दोन-अडीच किलोमीटरवर टेकडीच्या अंगाला कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती. गावचं आरोग्याचं काम बघणाऱ्या आमच्या आशाताई (आशा स्वयंसेविका) मुलाकडे राहायला गेल्या, त्यामुळे जागा रिकामी झाली. आता ग्रामसभेत नाव ठरायचं आहे आणि समोर दोन नावं आहेत.

एक गावातली सून. बी.ए. झालेली, मोबाइल सफाईने वापरते, स्कूटी आहे, बोलायला चुणचुणीत. घर सरपंचांच्या गटातलं. हे सांगायला नको, पण लपवण्यासारखंही नाही.

दुसरी पोडावरची. आठवी पास, तिशीतली, नवरा वारलेला. कोलामी आणि मराठी दोन्ही बोलते. पोडातल्या बाया तिला सोबत घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाहीत. मागच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी असताना कळा सुरू झालेल्या बाईला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं कामही तिनेच चार गड्यांना उठवून केलं होतं. तेव्हा तिच्याकडे कुठलं पद नव्हतं.

गावात चर्चा एकाच मुद्द्यावर अडली आहे: आठवीवालीला प्रशिक्षण झेपेल का? इथे आरोग्य खात्यातली, संस्थांमधली मंडळी आहेत म्हणून विचारतो. नियम काय आहेत आणि तुमचा अनुभव काय?

नागपुरी_तर्री
बी.ए. वालीच घ्या, डोळे मिटून. आता सगळं काम मोबाइलवर आहे. आयुष्मान कार्ड, आभा कार्ड, ऑनलाइन नोंदी, गूगल शीट. भावनेच्या भरात पोडावरच्या बाईला निवडाल आणि दोन महिन्यांनी तिच्या नोंदी दुसरंच कोणी भरत बसेल. स्कूटी ही पण छोटी गोष्ट नाही.

कागदोपत्री
आधी नियम. केंद्राच्या नियमाप्रमाणे हजार लोकसंख्येमागे एक आशा. आदिवासी आणि डोंगराळ भागात मात्र वस्तीनिहाय, म्हणजे पाड्यामागे एक देता येते. आपल्या राज्यात बिगर आदिवासी भागाला दहावी आणि आदिवासी भागाला आठवी अशी शिक्षणाची अट आहे. बाई त्याच गावची रहिवासी हवी. विवाहित, विधवा, परित्यक्ता यांना प्राधान्य. निवड ग्रामसभेतून. तुमचं गाव कागदावर आदिवासी क्षेत्रात येतं का, ते तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयात विचारा. यवतमाळमध्ये काही तालुक्यांतली ठरावीकच गावं येतात, शेजारचं येतं आणि आपलं येत नाही असंही होतं.

आणि सोळा-सतराशे वस्तीला एकच आशा का? हा प्रश्न तुमच्या ग्रामसभेने आधीच विचारायला हवा होता.

आशा_निराशा
मी दर्यापूर भागातली आशाच हाय म्हणून लिहून रायली. बी.ए. अन् आठवीचं राहू द्या बाजूले. आधी त्या दोघीइले सांगा का काम काय असते ते.

सकायी सर्व्हे. दुपारी लसीकरण. घरी येऊन भाकर टाकत नाई तं ग्रुपवर मेसेज येते, आज कार्ड किती झाले ते तुरंत टाका. बुढ्याच्या अंगठ्याचा ठसा उमटत नाई, ओटीपी जाते पोराच्या मोबाइलवर, अन् पोरगा हाय चाकणले कंपनीत. त्याले फोन लावा, तो शिफ्टमधी. मंग बुढा म्हणते, जाऊ दे माय, उद्या ये.

आता पैशाचं. जननी सुरक्षा योजनेत बसणारी बाई असली तं सहाशे. त्यातले तीनशे गरोदरपणातल्या तपासण्याइचे, तीनशे बाळंतपण दवाखान्यात झालं तं. बाळाच्या ४२ दिवसांपर्यंतच्या सगळ्या भेटी झाल्या तं २५०. टीबीवाल्यानं साध्या टीबीचा कोर्स पुरा केला तं १०००. तीस वर्षांवरच्या माणसाचा बीपी-शुगरचा फॉर्म भरला तं १०. मलेरियाची रक्तपट्टी घेतली तं १५.

अन् ज्याचा रकानाच नाई ते आयका. आमच्याकडं एक बुढी एकटी राहते. शुगर हाय, पायाले जखम. तिची पट्टी मीच पाह्यतो. दारू पिऊन नवरा मारते ते बाई रात्री लेकरू घेऊन माह्याच दारात येते. हे कोण्या फॉर्मात लिहू, सांगा.

नागपुरी_तर्री
ताई, तुमचं काम मोठंच आहे, वाद नाही. पण आता मानधन वाढलं ना? राज्याने पाच हजार वाढवले असं वाचलं होतं.

आशा_निराशा
वाढले. फुकट नाई वाढले भाऊ. २०२३ च्या ऑक्टोबरात संप झाला तवा कबूल केलं, नोव्हेंबरपासून देतो म्हणे. मंग कागद निघेना म्हणून जानेवारीत परत संप, फेब्रुवारीत आझाद मैदानावर बाया बसल्या, तवा कुठं १४ मार्च २०२४ ले शासन निर्णय निघाला. केंद्राचे महिन्याचे ठरलेले २००० व्हते, ते ३५०० केल्याचं २०२५ मधी संसदेत सांगतलं. वाढ चांगली हाय, नाई कोण म्हणते. पण ते कधी जमा होते त्याचा नेम नाई. दिवाळीचे पैसे संक्रांतीले येते.

बंधपत्रित
एमबीबीएसनंतरचं बंधपत्राचं वर्ष मी गडचिरोलीत एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं आहे. मूळ प्रश्न 'आठवीवालीला झेपेल का' हा आहे, तर त्याचं उत्तर विदर्भातच, तेही पंचवीसेक वर्षांपूर्वी मिळून गेलेलं आहे. थोडं सविस्तर लिहितो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. नव्वदच्या दशकात त्यांनी ३९ गावांत गावातल्याच एकेका बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि तुलनेसाठी ४७ गावं घेतली. या बायांचं शिक्षण पाचवी ते दहावीच्या दरम्यान होतं. त्या घरी जाऊन नवजात बाळाचं वजन करायच्या, ताप आणि गारठा बघायच्या, श्वास मोजायच्या, जन्मतः न रडलेल्या बाळाला मास्कने श्वास द्यायच्या, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा साडेपंचवीसवर आला. तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपास तसाच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे २०११ पासून आशांच्या घरभेटींचा देशभरचा कार्यक्रम याच धर्तीवर उभा राहिला, इंजेक्शन वगळून.

त्याआधी लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम झालं, तेव्हा तर निरक्षर सुईणींना शिकवायचं होतं. आकडे मोजता येत नाहीत, मग श्वास कसे मोजणार? त्यावर एक साधं यंत्र काढलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी आणि एक जरा मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर आलात की न्यूमोनिया. संपलं. बोटांवर दहा मोजता आले की बास.

श्वास मोजणं वाटतं तितकं सोपं नसतं, म्हणून सांगतो. बाळ रडत असेल किंवा दूध पीत असेल तर मोजून उपयोग नाही. झबलं वर करायचं, उजेडात धरायचं, पोटाच्या वर-खाली होण्यावर नजर ठेवायची आणि पूर्ण मिनिट मोजायचं. तान्हं बाळ मध्येच काही सेकंद श्वास थांबवतं, मग भराभर घेतं. त्यामुळे अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं की हमखास गोंधळ होतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे साठ किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचे, दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर पाठवायचं. आमच्या केंद्रातली एक आशा, माडिया आदिवासी, नववी नापास, हे इतकं चोख करायची की तिने फोनवर 'सर, बहात्तर' म्हटलं की मी गाडी पाठवायचो. घड्याळ न बघता 'बरं दिसतंय' म्हणणारे माझे बॅचमेटही मला माहीत आहेत.

शंकासूर
सर्चचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला अर्धाच भाग सांगतात. तिथे दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन आरोग्यदूताचं काम तपासत होता. नोंदी पडताळत होता. औषध संपलं तर मिळत होतं. सरकारी योजनेत प्रशिक्षणाचा फोटो निघतो, जेवण होतं, हजेरीपटावर सही होते. पुढे कोण विचारतं?

आणि हे पहिल्यांदा घडत नाही. २ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारने गावोगावी आरोग्य रक्षक नेमले होते. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना पन्नास रुपये मानधन, थोडी औषधं. निवडले गेले बहुतेक पुरुष, आणि त्यातही गावच्या पुढाऱ्यांच्या जवळचे. पुढे कोणी पाठपुरावा केला नाही, औषधं थांबली, काही जण सुई टोचून डॉक्टर बनले आणि योजना विरली. सरपंचांच्या गटाचा उल्लेख वाचून मला तेच आठवलं.

पैनगंगा_काठ
शंकासूर, गट आहे म्हणून ती मुलगी वाईट असं मला म्हणायचं नाही. होतकरू आहे. तिचा अडथळा वेगळा आहे. तांड्यापर्यंत ती जाईल, पोडावर जाणार नाही. तिने स्वतःच सांगितलं, 'काका, तिथं माझं कोण ऐकणार?' खरं तेच बोलली.

मेळघाटी
तिचं बरोबर आहे. धारणी-चिखलदऱ्यात आम्ही हेच बघतो. कोरकू आईला मराठीत 'बाळाला सहा महिने वरचं पाणी देऊ नका' सांगितलं तर ती मान डोलावते आणि बाई गेली की पाणी पाजते. कोरकूत, तिच्या नात्यातल्या बाईने, सासूसमोर बसून सांगितलं तर वाद होतो. वाद झाला म्हणजे ऐकलं गेलं. मान डोलावणं धोक्याचं.

पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर गरम विळ्याचे चटके द्यायची पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही. बाहेरून आलेल्या माणसाने 'अंधश्रद्धा' म्हटलं की ते लपवून केलं जातं. आमच्याकडच्या एका आशाने भूमकालाच, म्हणजे गावच्या भगतालाच, गाठलं, की बाबा, तुझी पूजा कर, मोरपीस फिरव, पण पोराला आधी माझ्यासोबत गाडीत बसव. तो तयार झाला. हे कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात नाही.

अजून एक अडचण लक्षात ठेवा. स्थलांतर. आमच्याकडे माणसं कामाला खाली उतरतात ती होळीला परततात. तीन, सहा, नऊ, बारा, पंधरा महिने अशा बाळाच्या भेटी ठरलेल्या आहेत, पण नवव्या महिन्यात बाळ वीटभट्टीवर असतं. भेट हुकली की आशाचे पन्नास रुपये गेले आणि बाळाचं वजन कुठे घसरलं ते कुणाला कळलंच नाही. तुमच्या तांड्यावरून ऊसतोडीला जात असतील तर तिथेही हेच होणार.

पैनगंगा_काठ
जातात. दिवाळी झाली की निम्मा तांडा रिकामा. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागे राहतात.

नागपुरी_तर्री
मला एक सांगा, भाषा येते, मन जिंकता येतं, सगळं मान्य. पण ऑनलाइन नोंद झाली नाही तर तिला पैसेच मिळणार नाहीत. मग तुम्ही तिच्यावर उपकार करताय की अन्याय? मी व्यवहार बोलतोय.

बंधपत्रित
हा मुद्दा रास्त आहे. आमच्या भागात अशा आशांच्या नोंदी दहावी-बारावीतली मुलं भरून द्यायची, कुणाची मुलगी, कुणाचा पुतण्या. आदर्श नाही, पण चालायचं. मोबाइल वापरायला सहा महिन्यांत शिकता येतो. पोडावरच्या माणसांचा विश्वास सहा महिन्यांत कमावता येत नाही. शिवाय एक आशा वीसेक भेटींच्या नोंदी उशिरा टाकेल तर खात्याचं थोडं बिघडेल. भेटच झाली नाही तर बाळाचं बिघडेल.

गटप्रवर्तक चांगल्या असल्या तर हा प्रश्न निम्मा सुटतो. साधारण वीस आशांमागे एक असते. तिचं खरं काम आशासोबत घरी जाऊन शेजारी बसून शिकवणं हे आहे. प्रत्यक्षात तिलाच अहवालांत गुंतवून ठेवतात.

कपाशी_आणि_तूर
थोडा वेगळा मुद्दा. सगळी चर्चा बाळंतपण आणि बाळावर चालली आहे. आपल्याकडे, यवतमाळ-अमरावतीत, अजून एक दुखणं आहे ते सगळ्यांना माहीत आहे आणि आशांच्या कामात ते सगळ्यात शेवटी येतं. मन.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. गावातल्याच सामान्य कार्यकर्त्यांना तयार करून घरोघर बोलायला पाठवलं, समुपदेशकही डॉक्टर नसलेले, गरज पडली तरच मानसोपचारतज्ज्ञ. आधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या चार-पाच जणांपर्यंतच कसली तरी मदत पोचत होती, नंतर ती सत्तावीस जणांपर्यंत पोचली. मागच्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून अडीचवर आलं. सरकारचा 'प्रेरणा' प्रकल्पही आहे, त्यात आशा घरोघर जाऊन शेतकऱ्याची विचारपूस करतात, १०४ क्रमांकावर बोलता येतं.

पण हे काम कोणाकडून होईल? शेतकरी गडी अनोळखी बाईसमोर 'झोप लागत नाही' असं म्हणणार नाही. बोंडअळीवर बोलेल, सोयाबीनच्या भावावर बोलेल. त्याच्या बायकोशी बोलता येणारी हवी. ती सांगते, हे रात्री उठून गोठ्यात बसतात. आमच्या आशाने तेवढ्या वाक्यावरून एकाला जिल्हा रुग्णालयात नेलं. त्या भेटीचा दर किती, आशा_निराशा ताईंना विचारा.

आशा_निराशा
शून्य. अन् एसटीचं भाडं आपलं.

झाडीपट्टी
गोंदियाहून. आमच्याकडे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम आहे, २०४७ पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट. तपासणी जोरात झाली, कार्डं वाटली. पण वाहक म्हणजे काय आणि रुग्ण म्हणजे काय, हे लग्न जुळवायच्या वेळी घरात बसून समजावणारं कोण? आशाच. एका घरात मुलीला नुसतं वाहक सांगितलं होतं, तरी 'हिला रोग आहे' म्हणून सोयरीक मोडत होती. मुलगी वाहक असली तरी मुलगाही वाहक किंवा रुग्ण असला तरच बाळाला आजाराचा धोका, दोघंही वाहक असले तर तो दर गरोदरपणात चारात एक, हे आमच्या ताईने चार चिंचोके मांडून मुलाच्या आईला दाखवलं. सोयरीक टिकली. मुलाची तपासणी झाली, तो वाहक नव्हता.

ताई दहावी नापास आहेत. (नंतर पास झाल्या, बाहेरून बसून.)

शंकासूर
हे सगळं छान. पण तुम्ही लोक नकळत असं म्हणताय की गरीब बाईने आपुलकीपोटी सगळं करावं आणि आपण कौतुक करावं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांना जागतिक पुरस्कार दिला. टाळ्या वाजल्या. पुरस्काराने घरचं रेशन येत नाही. पोडावरच्या विधवा बाईला निवडताय तर हेही बघा की तिची मजुरी बुडणार. कापूस वेचणीच्या दिवसांत ती रोज किती कमावते आणि आशा म्हणून पैसे तीन महिने आले नाहीत तर खाणार काय?

पैनगंगा_काठ
हा प्रश्न मी तिलाच विचारला. म्हणाली, 'वेचणी सकाळी लवकर उरकते. भेटीला बाया घरी असतात तवा संध्याकाळीच जा लागते.' तिने हिशेब आधीच केलेला दिसला. पैसे उशिरा येतात हे तिला ठाऊक आहे, जुन्या आशाताईंकडून ऐकलेलं. मी तरी ग्रामपंचायतीत बोललो की सुरुवातीचे महिने काही हातउसने देता येतात का. सचिव म्हणाले, तसा खर्च दाखवता येत नाही. बचतगटाने तयारी दाखवली आहे, बिनव्याजी.

कागदोपत्री
आता एक काम करा. दोघींमध्ये भांडण लावूच नका. कोलाम ही आदिम जमात आहे, राज्यात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीनच आहेत. १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमन या केंद्राच्या योजनेत त्यांच्या वस्त्यांवर आरोग्यसेवा पोचवणं हा एक भाग आहे. ग्रामसभेत दोन ठराव घ्या. पहिला, रिकाम्या जागेवर नाव. दुसरा, पोड ही स्वतंत्र वस्ती धरून तिथे वेगळी आशा द्यावी. लोकसंख्या, पोडापर्यंतचं अंतर, पावसाळ्यात ओढ्यामुळे किती दिवस रस्ता बंद राहतो, मागच्या वर्षात किती बाळंतपणं घरी झाली, हे ठरावातच लिहा. 'सोयीचे होईल' असली भाषा नको, आकडे हवेत. प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेत आरोग्य विभागाला, एक पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना. पोच घ्या, शिक्का-तारखेसह.

नागपुरी_तर्री
दुसरी जागा मंजूर व्हायला वर्ष जाईल. तोवर?

कागदोपत्री
जाईल. म्हणून रिकाम्या जागेवर कोणाला घ्यायचं हे, त्या वर्षात कोणावाचून जास्त अडेल ते बघून ठरवा. गावाला दवाखाना जवळ आहे, रस्ता आहे, बाया स्वतः जातात. पोडाला त्यातलं काहीच नाही.

आशा_निराशा
अन् जिले निवडाल तिले पहिल्या प्रशिक्षणाले एकटी पाठवू नोका. राहाचं असते तिथं, लेकरं कोणापाशी ठेवाचे ते आधी ठरवा. आमच्या बॅचमधली एक बाई दुसऱ्याच दिवशी परत गेली व्हती, सासूनं फोन केला का पोरगं रडून रायलं. अन् वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, औषधाची पेटी हातात आल्याबिगर 'मिळाले' म्हणून सही करू नोका म्हणा. एकदा सही झाली का मंग कोणी देत नाई.

पैनगंगा_काठ
आजची सभा झाली नाही. गणपूर्ती भरली नाही, दुपारी ठेवली होती, निम्मं गाव वेचणीला. तहकूब झाली. पोडावरून मात्र तीस-पस्तीस माणसं आली होती, बाया जास्त. तासभर झाडाखाली बसून परत गेली.

कागदोपत्री
तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे पुढच्या वेळी जे येतील ते ठरवतील. तारीख आणि वेळ सचिवांकडून लेखी घ्या, पोडावर दवंडी द्यायला लावा, आणि सभा संध्याकाळी ठेवायचा अर्ज आजच द्या. दोन्ही ठरावांचा मसुदा हवा असेल तर गावाचं नाव न टाकता इथे टाकतो.

पैनगंगा_काठ
टाका. ओढ्याचे दिवस आणि घरच्या बाळंतपणांचे आकडे मी नर्सबाईंकडून उद्या घेतो.